हिरव्या स्कार्फमागून चाकणपर्यंत

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. वळणावर उभी असलेली बाई, पैंजणांचा आवाज, मागे वळून पाहिलं तर कुणी नाही... वाचून होतं, हसून होतं, मी भाकरी थापायला उठते. आमच्या घरात लिंबू फक्त सरबतासाठी कापतात. मी चाकणच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळते. रॅकवर जे दिसतं आणि हाताला लागतं तेवढाच माल धरायचा, बाकी कुणी काहीही सांगो, ही माझी कामाची पद्धत आणि जगण्याचीही तीच.

त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण जे झालं ते सकाळच्या उजेडात, भर ट्रॅफिकमध्ये झालं. आणि ते कुठल्या रॅकवर ठेवायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

आम्ही आकुर्डीला राहतो. आमच्या कंपनीत गाड्यांच्या वायरिंगचे संच बनतात, लाइनवर जवळजवळ सगळ्या बायकाच. कोरोनाच्या आधी आम्हाला न्यायला-आणायला कंपनीची बस होती. आकुर्डी स्टेशनजवळून सुटायची, निगडीला वळसा घालून स्पाइन रोडला लागायची, मोशीला नाशिक हायवे, मग इंद्रायणीचा पूल आणि चाकण. रोजचा तासाभराचा प्रवास. आमच्यातल्या कित्येक जणींना दिवसात स्वतःसाठी मिळणारा तेवढाच तास. त्या बसमध्ये मेथी निवडून व्हायची, लसूण सोलून व्हायचा, पोरींची स्थळं ठरायची, सासवांची उणीदुणी निघायची. एकीचं डोहाळजेवण आम्ही चालत्या बसमध्ये केलं होतं – मोशीला ओटी भरली आणि चाकण येईपर्यंत पेढे संपले. बस दत्तूभाऊंची, कंपनीकडे कंत्राटावर लावलेली. ते मोशीचेच, जुन्या शेतकरी घरातले. मेथीचे देठ खाली दिसले की आरशातून ओरडायचे, "ओ ताई, गाडी हाय का गोठा? उद्यापास्नं म्हस बांधतो हितं!" त्यावर मागून कुणीतरी म्हणायचं, "बांधा की भाऊ, दूध तरी मिळंल."

माझ्या शेजारी खिडकीत बसायची सुमन. बीड जिल्ह्यातल्या केजकडची. तिचा नवरा भोसरीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. सुमन बसमध्ये चढली, डबा मांडीवर ठेवला आणि काचेला डोकं टेकलं की झोपलीच. पण तिची झोप वेगळीच होती. खड्डा येणार असला, वळण येणार असलं, हायवेवर मोठी गाडी घुसणार असली, की त्याच्या जरासं आधी तिचा डावा हात मांडीवरून उचलला जायचा. तळवा खाली, आणि हवेत हळूहळू थोपटणं. तान्ह्या बाळाला थोपटावं तसं. हळू... हळू... डोळे मिटलेले. दत्तूभाऊ आरशात तो हात बघायचे आणि खरंच ब्रेकवर पाय ठेवायचे.

"सुमनताई झोपल्या म्हंजी मला टेन्शन न्हाई," ते म्हणायचे. "जाग्या असल्या की नुसत्या बडबडत्यात."

तेव्हा मला यात काही विशेष वाटलं नव्हतं. रोजच्या रस्त्याची अंगाला सवय होते. मलासुद्धा डोळे मिटून कुठला स्पीडब्रेकर कुठे आहे ते सांगता आलं असतं.

लॉकडाऊनच्या आधीच्या संक्रांतीला आम्ही बसमध्येच हळदीकुंकू केलं. वाण काय द्यायचं यावर आठवडाभर भांडणं झाली. प्लास्टिकचे डबे सगळ्यांकडे झाले होते, वाट्या झाल्या होत्या. शेवटी वर्गणी काढून सगळ्यांसाठी स्कार्फ आणले, पिंपरी कॅम्पातून ठोक भावात. गडद हिरवे, त्यावर पांढरी पानं. दुसऱ्या दिवशी सगळ्या जणी तेच बांधून आल्या. दत्तूभाऊंनी दार उघडलं, बघितलं आणि म्हणाले, "आता कोन कुनाची बायको, वळखायचं कसं?"

मग तो मार्च आला. त्या संध्याकाळी आकुर्डीला उतरताना सुमन म्हणाली होती, "उद्या मी निगडीतून चढते. माझी जागा धर." मी म्हटलं, धरते. जागा धरायची राहिली, ती राहिलीच.

कंपनी पुन्हा सुरू झाली तेव्हा बसमध्ये एक सोडून एक सीटवर लाल टेपच्या फुल्या होत्या. माझ्या शेजारच्या सीटवरही फुली. सुमन तोवर गावी गेली होती, भावाकडे. नवऱ्याचं वर्कशॉप बंद पडलं, खोलीचं भाडं परवडेना, सामान टेम्पोत घातलं आणि गेले. बसमध्ये कुणी बोलायचं नाही. मास्कच्या आड सगळ्या नुसत्या खिडकीबाहेर बघायच्या. कुणी खोकलं की सगळ्या माना वळायच्या. थोड्याच दिवसांत आमच्यातल्या एकीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि बस बंद झाली. कंपनीनं मेसेज पाठवला – स्वतःच्या वाहनानं यावं. दत्तूभाऊंनी बस शेताच्या कडेला उभी केली, तिच्यावर ताडपत्री टाकली आणि तिच्याच सावलीत भाजीचा गाळा मांडला.

ज्यांच्या घरी गाडी होती त्या कामावर राहिल्या. बाकीच्यांना "कळवतो" असं सांगितलं. मला दुचाकी येत नव्हती. आमचे हे भोसरीला उलट्या शिफ्टला, त्यांची गाडी त्यांना लागायची. नोकरी सोडायचा विचार मी करूच शकत नव्हते. मुलीचं कॉलेजचं वर्ष होतं आणि घर दोघांच्या पगारावर चालत होतं. मुलीची स्कूटर मात्र खाली धूळ खात पडलेली, कारण कॉलेज मोबाइलवर. मी पंचेचाळिशी ओलांडल्यावर मुलीकडून गाडी शिकले. ऋतुजा मागे बसून ओरडायची, "आई, तू ब्रेक दाबत नाहीस, गळा दाबतेस!"

कॉलनीत येतं ते हायवेवर येतच असं नाही. स्पाइन रोड कसाबसा पार केला, पण मोशीला तो नाशिक हायवेला मिळतो तिथे मी अडकले. उजवीकडून कंटेनर, ट्रेलर, कंपन्यांच्या गाड्या, एकामागे एक. मी पाय टेकून उभी. इतका वेळ उभी की कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं विचारलं, "ताई, पत्ता सापडंना का?" त्या दिवशी कशीतरी पोहोचले, उशिरा. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिथे उभी असताना मी मनातल्या मनात राजीनाम्याची वाक्यं जुळवत होते. साहेबांना सांगायचं, तब्येत ठीक नसते.

तेवढ्यात माझ्या डाव्या बाजूनं एक स्कूटर पुढे आली आणि माझ्या समोर उभी राहिली. राखाडी, जुनी. चालवणारी बाई पाठमोरी. डोक्यावर हिरवा स्कार्फ, पांढरी पानं.

आमच्यातलीच कुणीतरी! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मी हॉर्न वाजवला, तिनं वळून पाहिलं नाही. नुसता डावा हात बाहेर काढला, तळवा खाली, आणि हवेत थोपटला. थांब... थांब... मग हात पुढे झाला आणि ती निघाली. तिच्या मागे मीही निघाले. कंटेनरच्या मधल्या फटीतून आम्ही दोघी अशा काही हायवेला लागलो, जशी दत्तूभाऊंची बस लागायची.

मी म्हटलं – सुमन! परत आली ही! गाडी शिकली आणि मला सांगितलंसुद्धा नाही.

त्यानंतर ती बाई जवळजवळ रोज दिसायची. स्पाइन रोडच्या शेवटाला कधी पुढे असायची, कधी मागून येऊन पुढे जायची. खड्ड्याआधी हात थोपटायची, मोठ्या गाडीला वाट द्यायची असली की हात थोपटायची. मी मागे. आमच्या कंपनीच्या फाट्याला मी वळायचे, ती सरळ जायची. मी समजले, दुसऱ्या कंपनीत लागली असणार आणि आम्हाला सांगायला तिला अवघड वाटत असणार. तोंडावर स्कार्फ, वर मास्क, आमच्याकडे गाडीवरच्या सगळ्याच बायका तेव्हा अशा असायच्या. एकदोनदा शेजारी गाडी घ्यायचा प्रयत्न केला, पण मी वेग वाढवला की तीही तेवढीच पुढे. एक गोष्ट मात्र मला तेव्हाही खटकली होती. मी दिवसभर बारीक अक्षरातले पार्ट नंबर वाचते, एकदा वाचलेला विसरत नाही. पण त्या स्कूटरचा नंबर घरी आल्यावर मला कधीही आठवला नाही. रोज ठरवायचे, आज बघायचाच. रोज बघायचे. आणि संध्याकाळी काही आठवायचं नाही.

पावसाळ्यात एका सकाळी मोशीच्या पुढे रस्त्यावर पाणी साचलं होतं. तिनं नेहमीसारखा हात काढला, पण त्या दिवशी थोपटणं हळू नव्हतं. जोरात, घाईघाईनं. मी ब्रेक दाबला – गळा नाही, ब्रेकच दाबला. माझ्या शेजारून एक बाइकवाला पाणी उडवत पुढे गेला आणि बघता बघता त्याचं पुढचं चाक गडप झालं. पाण्याखाली रस्ता खणून ठेवलेला होता. त्याला उठवलं, नशिबानं फक्त गुडघा फुटला होता. ती बाई पुढे उजव्या कडेनं थांबलेली. मी गाडी वळवून निघाले तशी तीही निघाली.

त्या रविवारी मी सुमनला फोन लावला. दुचाकीवरून जाताना हाक मारून उपयोग नव्हता, आणि आभार मानायला हवे होते. शिवाय थोडा रागही होता.

"काय गं," मी म्हटलं, "गाडी घेतलीस, चाकणला लागलीस, आणि एक फोन नाही?"

"कशाची गाडी, माय?" सुमन म्हणाली. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. "मी गावाकडंच हाय की. भावाच्या घरी. मला सायकल येत न्हाई, गाडी कुठली?"

म्हटलं, ठीक आहे, दुसरी कुणी असेल. स्कार्फ काय, बसमधल्या सगळ्यांकडे होते. मी विषय बदलायला गेले आणि तीच म्हणाली, "पन त्या पान्यातून बरी निघालीस बघ तू. मला वाटलं, पडती आता ही."

"कुठल्या पाण्यातून?"

"मोशीच्या म्होरं. पोरगं पडलं न्हाई का."

मी कुणाला सांगितलं नव्हतं. घरीही नाही, कारण सांगितलं असतं तर ह्यांनी गाडी बंद केली असती. मी विचारलं, तुला कुणी सांगितलं? ती थोडी लाजल्यासारखी हसली. म्हणाली, "हसू नको बरं. सकाळचं काम उरकलं की आपल्या बसच्या टायमाला माझा डोळाच लागतोय. भावजय शिव्या घालती – हिला दिसाची कसली झोप! भिंतीला टेकले की गेले. म्हनती, झोपेत हात हलवत बसतीस येड्यावानी. मला काय ठावं? मी तर रस्त्यावर असते. बस काय दिसत न्हाई. मी म्होरं आन तू मागं. लई भेतीस गं तू."

मी म्हटलं, स्वप्न असेल. माणसाला जुनी स्वप्नं पडतात.

"असंल," ती म्हणाली. "पन एक सांग. ते हेल्मेटात काय बडबडत असतीस? नटबोल्ट मोजतीस का?"

हायवेवर भीती वाटली की मी रॅकवरच्या सामानाची नावं क्रमानं म्हणते. क्लिप, कनेक्टर, ग्रोमेट, टेप... पुटपुटते, तेही बंद हेल्मेटमध्ये. हे मी ऋतुजालाही सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं त्यात आहे काय?

मी बराच विचार केला. कुणी फोन केला असेल, कुणी पाहिलं असेल, सगळं ताडून बघितलं. खणलेल्या रस्त्याचं एक वेळ समजू शकते. हेल्मेटच्या आतलं कोण बघणार?

मग मी विचार करणं थांबवलं, कारण त्याहून महत्त्वाचं एक काम होतं. कंपनीत ऐकलं होतं की "कळवतो" म्हणून घरी बसवलेल्यांची नावं आता कायमची कमी करणार आहेत, हजर होतील त्या राहतील. हे मी सुमनला त्याच फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मला तर परत यायचंच हाय. ह्यांनला भोसरीत काम मिळंल म्हनत्यात. हितं भावाच्या ताटात किती दिस जेवावं? पन मी चाकणला येऊ कशी? बस न्हाई."

"माझ्या मागे बस," मी म्हटलं.

"तुझ्या मागं?" ती खो खो हसली. "आगं, तुझं तुला होईना!"

"सुमन, तू येतेस की नाही एवढंच सांग."

ती आली. आकुर्डीत आमच्या मागच्या गल्लीत खोली मिळाली आणि आम्ही दोघी एका स्कूटरवरून कामावर जाऊ लागलो. तिचं नाव राहिलं. पहिले काही दिवस ती मागून अखंड सूचना देत होती – हळू, डावीकडं घे, तो ट्रक बघ – आणि मला दत्तूभाऊंचं म्हणणं पटलं. आम्ही त्यांच्या गाळ्यावर थांबून भाजी घ्यायचो. ते ताडपत्रीकडे हात करून म्हणायचे, "कवा बसताय परत? म्हस बांधली न्हाई अजून." त्यांनी पुढच्या वर्षी बस भंगारात दिली. आम्हाला सांगितलं नाही. एक दिवस नुसता मोकळा चौकोन दिसला, गवत पिवळं पडलेला. त्या दिवशी दोघी भाजी न घेताच निघालो.

सुमन मागे बसायला लागल्यापासून ती हिरव्या स्कार्फची बाई मला दिसली नाही. मी मुद्दाम शोधलंही नाही. असेल कुणी, बदलली असेल तिची शिफ्ट, असं मी स्वतःला सांगितलं आणि मला ते पटलंही होतं.

मग एका सकाळी स्पाइन रोडवर सुमनचं बोलणं थांबलं. घरी पाहुणे होते, रात्री जागरण झालेलं. तिचं हेल्मेट माझ्या पाठीला टेकलं, अंगाचा भार माझ्यावर आला. झोपली होती. म्हटलं, मोशी आली की उठवू. पण मोशीला लगेच वाट मिळाली, तशीच मी हायवेला लागले, आणि दोन गाड्या सोडून समोर ती होती. राखाडी स्कूटर. हिरवा स्कार्फ. डावा हात बाहेर, तळवा खाली.

मी डाव्या आरशात पाहिलं. सुमनचा डावा हात माझ्या कमरेवर नव्हता. तो बाहेर हवेत होता आणि थोपटत होता. हेल्मेटच्या काचेआड डोळे मिटलेले. मी समोर बघितलं, आरशात बघितलं, पुन्हा समोर. दोन्ही हात एकाच वेळी वर होत होते, एकाच वेळी खाली.

मी गाडी कडेला घेतली आणि तिला गदागदा हलवलं. "सुमन! उठ!"

"काय झालं? आलं का?"

मी समोर पाहिलं. नुसते ट्रक.

तिला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, स्कार्फ नीट केला आणि म्हणाली, "मला काय ठावं, बाई. मी तर झोपले होते."

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. कंपनीनं मध्ये पुन्हा बस सुरू करून पाहिली, पण तोवर जिनं तिनं आपापली गाडी घेतली होती. बस रिकामी फिरली आणि बंद पडली. आता सकाळी कंपनीच्या गेटवर स्कूटरींची रांग असते, प्रत्येकीच्या कानात वायर, कुणी कुणाशी बोलत नाही. लसूण ज्याचा त्यानं घरी सोलायचा.

मला कारण सापडलेलं नाही. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी झोप कमी होतेय का विचारून गोळ्या दिल्या. त्या मी घेतल्या नाहीत. वाचकांपैकी कुणाला काही सांगता आलं तर ऐकायला आवडेल, पण पटेलच असं नाही.

मी फक्त एक करते. सुमनला गाडीवर झोपू देत नाही. आकुर्डीपासून चाकणपर्यंत तिला बोलतं ठेवते – डब्यात काय आणलंस, भावजय काय म्हणते, पोराचं जमलं का. उत्तर यायला उशीर झाला की कोपरानं ढोसते. ती चिडते. चिडू दे. रस्ता आता माझा मला येतो. मला ती पुढे नको आहे, मागे हवी आहे.